डबा लॉन्ड्रीत ठेवला तो दिवस

अमेरिकेत, ट्रॉयमध्ये शिकत असताना मी ज्यांच्या बेसमेंटमध्ये भाड्याने राहायचे, त्या काकांच्या घोट्याला कोर्टाने पट्टा बांधला होता. पार्किंगमधल्या मारामारीची केस. खटला व्हायचा होता, काका जामिनावर होते. हॉलमध्ये त्या पट्ट्यावर नजर ठेवणारा, फोनच्या लाइनला जोडलेला एक काळा डबा होता. काका घराबाहेर पडले किंवा डब्याची वायर निघाली, की कोर्टाच्या ऑफिसला कळायचं. मग जामीन रद्द होऊन पुन्हा जेल, अशी ताकीद होती.

त्यांना बाहेर जाता येईना म्हणून आमच्या लोकांची त्या महिन्याची बुद्धवंदना त्यांच्याच घरी ठरली. मला ते फार चांगलं वाटलं होतं. आमच्या घरात कॉलेज पाहिलेली मी पहिलीच, त्यामुळे वंदनेला येणारी ही शिकलेली माणसं मला मोठी वाटायची, बहुतेक जरा जास्तच. पण बूट काढून आत आला की जो तो काकांच्या पायाकडे बघायचा. एकाने त्यांना पॅन्ट वर करून दाखवायला लावली. "शॉवरमध्ये पण ऑन असतं का हो?" सगळे हसले. काकाही हसले, ते मला बघवलं नाही.

काका-काकू किचनमध्ये असताना कार कंपनीतल्या एका इंजिनिअरांनी डब्याच्या टेबलावर मूर्ती मांडली. "जेलची वस्तू बुद्धांशेजारी बरी नाही दिसत. शिफ्ट करतो." काकांना विचारू या का, असं मी म्हणेपर्यंत त्यांनी वायरी उपटल्या, डबा लॉन्ड्रीत, म्हणजे घरातल्या कपडे धुण्याच्या खोलीत नेऊन ठेवला आणि हात धुऊन आले. पंचशील म्हणताना त्यांचाच आवाज सगळ्यांत मोठा होता.

वंदना संपता संपता काका किचनमधून आले, रिकामी जागा बघून पांढरे पडले. त्यांनी धावत डबा आणून जोडला, पण उशीर झाला होता. जेवताना ऑफिसर दारात. डबा कोणी काढला, त्याने विचारलं. इंजिनिअर ताटाकडे बघत मराठीत पुटपुटले, "माझं नाव नको. ग्रीन कार्डचं चालू आहे."

काका 'मीच' म्हणणार, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. मी उठले. तोडक्या इंग्रजीत, अडखळत, बोट दाखवून सांगितलं. ऑफिसरने इंजिनिअरांचं नाव लिहून घेतलं. काकांना नेलं नाही.

बूट घालताना इंजिनिअर मला म्हणाले, "उद्या जॉबला रेफरन्स कोणाकडे मागशील गं?" बाकीचे जॅकेटच्या चेन लावत होते. काकांना 'येतो' कोणीच म्हणालं नाही.

मला आजही किळस येते ती त्या धुतलेल्या हातांची. आमच्या सगळ्यांचे आजोबा वरून ओतलेलं पाणी ओंजळीने प्यायले होते. असे हात का धुतात, हे त्या खोलीत कोणाला सांगायला लागत नव्हतं.