लाळेआधीचा अर्धा तास

सत्याच्या शोधात निघालेल्या विज्ञानाची वाट कुणीही अडवू शकत नाही. आमच्या अभ्यासाच्या उद्घाटनाला बारामतीत प्रमुख पाहुण्यांनी हे वाक्य उच्चारलं तेव्हा माझ्या एका हातात शाल होती आणि दुसऱ्यात नारळ, त्यामुळे टाळ्या वाजवायच्या राहून गेल्या. पुढच्याच आठवड्यात इंदापूरच्या अलीकडे एका वस्तीच्या तोंडाशी उसाच्या ट्रॉलीचं चाक निखळलं आणि वस्तीत शिरलेलं विज्ञान जीपसकट आत अडकलं.

या दोन तालुक्यांत स्वमग्न मुलं किती आहेत आणि त्यांच्या घरांतली जनुकं काय सांगतात, हे मला शोधायचं होतं. व्यवहारात याचा अर्थ माणसांना प्लास्टिकच्या नळीत थुंकायला सांगणं. एरवी थुंकण्यात आपला समाज कमी पडत नाही, पण नळी पुढे केली की भल्याभल्यांच्या तोंडाला कोरड पडते. शिवाय त्याआधी अर्धा तास चहा नाही, पाणी नाही, तंबाखू-मिश्री नाही. पाहुण्याला एकट्याला चहा द्यायचा नसतो, त्यामुळे हा अर्धा तास सगळ्यांनी एकमेकांकडे बघत काढायचा.

वस्तीतल्या ज्या घरी नमुने घ्यायचे होते, तिथं मी हात धुवायला नळापाशी गेले, तेव्हा घरची सून मागोमाग आली. तिची सहा वर्षांची मुलगी पाण्याच्या मोटारीच्या पाइपाला कान लावून बसली होती आणि मोटारीच्याच सुरात गुणगुणत होती.

"मॅडम, हे माझ्याकडनं आलंय असं निघालं, तर आबा मला आन् पोरीला माहेरी धाडणार हायेत. कायमचं."

"नमुना द्यायलाच हवा असं नाही. तुम्ही नाही म्हणू शकता."

"न्हाय म्हनलं तर तोच निकाल की."

मी संमतीपत्राची घडी घातली आणि तिच्या मागोमाग ओसरीवर आले.

आबा म्हणजे तिचे सासरे, गावच्या सोसायटीचे माजी चेअरमन. ओसरीवरसुद्धा ते व्यासपीठावर बसल्यासारखे बसत. त्यांचा मुलगा मोबाइलमध्ये डोकं घालून होता. आजी दाराशी बसून आबांच्या प्रत्येक वाक्याला मान हलवत होत्या.

"तर मॅडम, मशिनीत कळंल ना, दोष कुणाकडचा?"

मी सांगितलं की याला दोष म्हणत नाहीत. पुष्कळदा ते दोन्हीकडून थोडं थोडं आलेलं असतं. कधी आईबापांत नसतंच, मुलात नव्यानंच घडतं. आणि आमचा अभ्यास अनेक घरांचा मिळून आहे, एका घराचा निकाल आम्ही देत नाही.

आबांनी हे सगळं वार्षिक सभेत सभासदांची हरकत ऐकावी तसं ऐकलं. "म्हंजे तुमाला ठावं हाय, पर सांगायचं न्हाय."

मी जीपकडे पाहिलं. ड्रायव्हरनं लांबूनच हात हलवून नकार दिला. मग मी प्रश्नावलीतला पुढचा प्रश्न विचारला: नवराबायकोचं लग्नाआधी काही नातं होतं का?

"व्हय. मामाचीच पोर केलीय," आबा म्हणाले आणि हनुवटीनं आजींकडे दाखवलं. "हिच्या सख्ख्या भावाची."

आजींची मान हलायची थांबली.

सुनेचं माहेर तेच आजींचं माहेर, ही काही नवी बातमी नव्हती. लग्नात तर दोघींच्या बाजूची माणसं एकच होती. पण दोष माहेराला लावायचं ठरवताना हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

"आमच्या माहेरात असलं कुणी न्हाय," आजी म्हणाल्या.

"मग घाबरतीस कशाला? तूबी थुक. एकदाचं व्हऊन जाऊ दे."

अर्धा तास संपत आला होता. सुनेनं आपली नळी भरली, नवऱ्यानं मोबाइल न सोडता आपली. मुलीच्या गालातून मी कापसाच्या काडीनं नमुना घेतला. गुणगुणणं तिनं तेवढ्यासाठी थांबवलं नाही. तेवढ्यात आजी उठल्या, कोनाड्यातली मिश्रीची डबी घेतली आणि शांतपणे दात घासायला लागल्या.

"अगं ए! मॅडमनी काय सांगितलंय?"

"इसरले," बोट तोंडातच ठेवून आजी म्हणाल्या.

"मग पुन्हा अर्धा तास बस."

ट्रॉली हललेली नव्हती, तेव्हा मीही बसले. सून उंबऱ्याशी उभी होती, आतही नाही आणि बाहेरही नाही. अर्धा तास भरायला आला, तशी आजींनी पुन्हा डबी उघडली.

"सुटत न्हाय वो मॅडम. आन् माझ्याबिगर काय निकाल लागायचा न्हाय. व्हय ना?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. सुनेनं पाहिलं नाही.

"निकाल लागणार नाही," मी म्हणाले.

ठरावाशिवाय कारवाई करायची नाही, ही आबांची चेअरमनकीतली शिस्त. "मग ऱ्हाऊ द्या," ते शेवटी म्हणाले. "निकालाबिगर कुणाला कुठं धाडायचं? चहा ठेव गं."

सून आत गेली. भांड्यांचा आवाज जरा जास्तच आला.

आमच्या अभ्यासाला आई, बाप आणि मूल एवढ्यांचीच लाळ लागते. आजींसाठी माझ्याकडे नळीच नव्हती.