लाईट गेली तवा कुटं व्हतास?

माझ्या नवऱ्याचं नाव कैलास. गॅसचा सिलेंडर दारात आला की आमचे हे आधी तो आपल्या काट्यावर चढवणार, मगच आणणाऱ्याला जाऊ देणार. सरकारी मोजणी झाली, खुणेचे दगड रोवले, माणसं चहा पिऊन गेली, की हे फीत घेऊन पुन्हा बांधावर. माण गावात आमच्या भाड्याच्या बारा खोल्या हायेत, सगळी कंपूटरवाली पोरं राहत्यात. त्यातल्या एकालाबी यांनी कधी संशयातनं सोडलं न्हाई. कुणाचं आधार कार्ड खोटं, कुणाचा भाऊ म्हणून आलेला भाऊच न्हाई. मी चहात साखर किती टाकली हेबी दोनदा विचारत्यात. वीस वर्सं ऐकतेय मी हे, डोकं उठलंय माझं.

पण खोटं कशाला बोलू, ह्या सोभावाला कारण हाय. आमची वैष्णवी रांगत व्हती तवाची गोष्ट. हे पिरंगुटला एका वर्कशॉपमधी कामाला व्हते. लाईट गेली. शेजारचा फिटर म्हणाला, मशीन बंद हाय, घाल हात. यांनी घातला आणि लाईट आली. उजव्या हाताची दोन बोटं गेली. तवापासून 'बंद हाय' असं कुणी म्हटलं की यांचा चेहराच बदलतो.

आणि पोरगी निघाली बापाच्याच वळणावर. आयटीआयमधनं मशिनिस्ट होऊन आली, आणि म्हणाली, नोकरी नको, गोठ्याच्या जागेत स्वतःचं मशीन टाकते. बापलेकीनं मिळून ते बांधलंबी. लोखंडी सांगाडा, टेबल, ते सरकवायला तीन मोटारी. सीएनसी म्हणत्यात त्याला. टेबलावर अॅल्युमिनियमचा तुकडा आवळायचा, कंपूटरवर काढलेल्या रेघेवरनं कटर आपोआप कापत जातो. राहिला व्हता फक्त कंट्रोलर, म्हंजी मोटारींना कवा, कुटं, किती फिरायचं ते सांगणारा डबा.

बावधनच्या एका ड्रोन बनवणाऱ्या छोट्या कंपनीनं हिच्याकडं नमुन्याचा एक तुकडा मागितला. पसंत पडला तर कायमचं काम. पोरगी हरखून गेली. पण यांनी सांगितलं, कंट्रोलर मी ठरवणार, आणि माझी खात्री पटल्याबिगर तू मशीन चालवायचं न्हाई. तिला वाटलं आठ दिवसांचा प्रश्न हाय. दोन महिने गेले.

सात नंबरच्या खोलीत अमोघ नावाचा मुलगा राहतो. त्याला ह्यातलं कळतं. त्यानं कंट्रोलर म्हणून एक लहानसं बोर्ड सुचवलं, सगळे हौशी लोक हेच वापरत्यात म्हणाला. झालं, यांना शंका आली. हा इतका गोड का बोलतोय, ह्याला बोर्ड विकणाऱ्याकडनं काय मिळतंय? मी म्हटलं, अवो, चांगलं सांगतोय बिचारा. तर म्हणाले, चांगलं सांगणाऱ्यावरच नजर ठेवावी लागती.

तरी बोर्ड मागवलं. पार्सल उघडताना वैष्णवीला मोबाईलवर शूटिंग करायला लावलं. मग यांची परीक्षा सुरू झाली. कटरच्या जागी एक पेन बांधला, खाली कागद चिकटवला. पेन गोल काढाय लागला, आणि निम्मा गोल झाल्यावर यांनी मशीनचा मेन स्विच पाडला. दहा मिनिटं थांबले. मुळशीत लाईटीचा काय भरवसा, तवा परीक्षा हीच. लाईट गेली तवा तू कुटं व्हतास, हा एकच सवाल. स्विच वर करून पुन्हा सुरू केल्यावर त्या बोर्डानं काय करावं? जितं पेन अडकला व्हता तितंच आपली सुरुवात हाय असं धरून नवा गोल काढाय निघालं. पेन कागद सोडून गेला आणि टेबल धाडकन टोकाला आदळलं.

अमोघ म्हणाला, काका, त्याला कोपऱ्यात स्विच लावायचे, एक सेटिंग चालू करायची, मग ते आधी कोपऱ्याला टेकून आपली जागा ओळखतं आणि मगच हलतं.

"सेटिंग म्हंजी बंदबी करता येती," हे म्हणाले. "असलं इमान मला नको."

बोर्ड परत गेलं. दुसरा कंट्रोलर शहरातल्या एका दुकानदारानं गळ्यात मारला. तो कंपूटरला जोडायचा. मधेच कंपूटर अडकला आणि मोटार आपली चालतच राहिली. तोबी परत. वैष्णवीचं जेवणावरनं लक्ष उडालं व्हतं. कंपनीचा फोन आला की अंगणात जाऊन बोलायची. मी यांना एकदा चांगलंच फैलावर घेतलं. म्हटलं, पोरीचं काम हातचं घालवता का? यांनी आपला उजवा हात माझ्यापुढं धरला.

"तिची दहाच्या दहा राहिली पायजेत," म्हणाले. "काम गेलं तर दुसरं मिळंल."

मी उठून ताटं वाढाय घेतली.

तिसरा कंट्रोलर आला तो स्वतःचा पडदा असलेला. लाईट जाऊन आली की पडद्यावर लाल अक्षरं यायची आणि तिन्ही मोटारी जाग्यावर गप्प. कोपऱ्यातल्या स्विचांना टेकवून आणल्याशिवाय काही केल्या हलायचा न्हाई. यांनी तीस वेळा स्विच पाडला, भिंतीवर खडूनं तीस रेघा मारल्या. तिसाव्या खेपेला पहिल्यांदा मी यांच्या तोंडून ऐकलं, ह्याला माहीत न्हाई तर हा तसं सांगतो, हा चालंल. वैष्णवीनं मला मिठीच मारली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेन काढून खरा कटर बसवला. मी गोठ्याच्या दारासमोर भात उपणत व्हते. वाऱ्याची वाट आता कोण बघतंय, घरातनं वायर आणून टेबल फॅन लावायचा आणि त्याच्यापुढं सूप धरायचं. आत मशीन कुरकुर करत कापत व्हतं. तेवढ्यात फॅन थांबला. आतलं मशीनबी थांबलं. लाईट गेली व्हती, यांनी काही केलं न्हवतं.

मी आत डोकावले. कटरखाली अॅल्युमिनियमचा कीस साचला व्हता, आणि हे वाकून तो बोटांनी काढत व्हते. त्याच हातानं. वैष्णवी यांच्याकडं बघत दोन पावलं मागं सरली आणि तिनं मशीनचा मेन स्विच खाली पाडला.

"स्विच कशाला पाडलास?" हे वाकल्या वाकल्या म्हणाले. "लाईट आली तरी कंट्रोलर हलत न्हाई. तीस वेळा बघितलंय मी."

यांचा हात अजून आतच व्हता, कीस संपला न्हवता. मिनिटभरानं माझ्या मागं फॅन आपला आपण फिराय लागला आणि फोलपटं माझ्या पाठीवर उडाली.

"त्या फॅनला कुणी चालू केलं, पप्पा?" वैष्णवीनं विचारलं.

हे फॅनकडं बघत राहिले. मग मशीनकडं. टेबल सरकवणाऱ्या मोटारी कंट्रोलरच्या ताब्यात, पण कटर फिरवणारी मोटार वेगळी. तिची वायर यांनी स्वतः ओढली व्हती, सरळ भिंतीवरच्या लाईटीच्या बोर्डावर. तिचं बटण दाबलेलंच व्हतं. पेन बांधून तीस वेळा बघितलं खरं, पण पेनाला कुटं फिरायचं असतं? वैष्णवीनं मेन पाडला नसता, तर टेबल जाग्यावर राहिलं असतं, पडद्यावर लाल अक्षरं आली असती, आणि कटर यांच्या बोटांत फिरला असता. सूप माझ्या हातातनं सुटलं. भात सगळा अंगणात.

यांनी हात बाहेर काढला. वायरीवर बोट ठेवलं आणि मोटारीपासनं बोर्डापर्यंत सावकाश फिरवत नेलं.

"ही मी तपासलीच न्हाई," म्हणाले.

"तुमी जोडली व्हती म्हणून," वैष्णवी म्हणाली. चिडून न्हाई, अगदी हळू. पण मला वाटतं फिटरचं बोलणंबी यांना एवढं लागलं नसंल. हे तितंच खाली बसले. मी पाणी दिलं.

दुपारी वैष्णवीनं अमोघला हाक मारली. दोघांनी ती वायर तोडून कंट्रोलरमधनं फिरवली, म्हंजी कंट्रोलर थांबला की कटरबी थांबणार. अमोघला यांनी ह्या वेळी एकबी प्रश्न विचारला न्हाई. मशीन चालू झालं, बंद झालं, पुन्हा चालू झालं. हे गोठ्याच्या दारापाशी आले.

"येऊ का आत?"

"थांबा, पप्पा," वैष्णवी मान वर न करता म्हणाली. "अजून माझी खात्री पटली न्हाई."

मला वाटलं, आता हे भडकणार. अमोघबी माझ्या तोंडाकडं बघाय लागला. पण हे उंबऱ्यावरनं पाऊल मागं घेऊन बाहेर उभे राहिले, हात पाठीमागं बांधून. तिनं आत बोलवायला पाऊण तास लावला.