गजराबाईची एकली

गजराबाई रागावली तरी अन् खूश झाली तरी तिचा आवाज सारखाच चढतो. त्यामुळं बांधापलीकडून ऐकणाऱ्याला नेमकं काय झालंय ते धावत येऊनच बघावं लागतं. अणदूरच्या शिवारात तिचं अन् तिच्या नवऱ्याचं, उत्तरेश्वरचं रान. रानातच पत्र्याचं घर आणि घराभोवती दिवसभर कलकलाट करणाऱ्या गिनी कोंबड्या. राखाडी अंगावर पांढरे ठिपके, डोकं बोडकं. साप दिसला की त्या एवढा गलका करतात की म्हातारं माणूसही काठी घेऊन उठतं. गजराबाईनं त्या आणल्या त्याच कामासाठी. पण मग त्यांचं वागणं बघता बघता तिचा जीवच जडला.

"सगळ्या एकसारख्या दिसत्यात. वळखता कशा वो काकू?" शेजारची दीपमाला एकदा म्हणाली.

"तोंडावरनं न्हाय गं, वागण्यावरनं! त्यो बघ मुकादम. दाणं टाकलं की पहिली चोच त्येची. आन् ती आत्याबाई. मुकादम पुढं चालतो, पर कुठं जायाचं ते ती ठरवती. आन् सगळ्यांच्या मागं रेंगाळतोय त्यो भोळा."

"आन् भिंतीवर एकटीच बसलीय ती?"

"ती एकली," गजराबाई म्हणाली आणि तिचा आवाज पहिल्यांदाच खाली आला.

एकली उबवली होती गावरान कोंबडीखाली. बाकीची अंडी वाया गेली, हिचंच तेवढं फुटलं. कोंबडीच्या पिलांत ती वाढली. पिलं मोठी झाल्यावर कोंबडीनं सगळ्यांना चोची मारून आपल्यापासून तोडलं, तेव्हा गजराबाईनं हिला ठिपकेवाल्यांत सोडलं. मुकादमानं लगेच पंख वर करून, पाठीला कुबड काढून तिच्यावर धाव घेतली. त्याचं बघून बाकीचेही टोचायला लागले. तेव्हापासून एकली भिंतीवर. सगळ्यांचं खाऊन झाल्यावर ती उरलंसुरलं वेचायची.

"आरं, तुमच्यातलीच हाय की रं ती!" गजराबाई मुकादमाला दटावायची. मुकादम तिच्याही पायाला चोच मारायचा.

तुळशीचं लग्न झालं आणि गावात लग्नसराई लागली. तूर फुलावर येऊन माणसाच्या खांद्याला लागली होती. एका दुपारी शेजारच्या वस्तीवरून नवरदेवाचा परण्या, लग्नाआधीची मिरवणूक, निघाला. घोडा, हलगी, पोरांचा नाच. रस्ता गजराबाईच्या घराला लागूनच. तिथं कुणीतरी फटाक्यांची लड लावली. धडाड धडाड आवाज झाला आणि अख्खा कळप किंचाळत उडाला तो थेट तुरीच्या आत, कुठल्या कुठं.

परण्या पुढं गेला. अंगणात सामसूम झाली.

"आवो, गेल्या की वो सगळ्या!" गजराबाई पदर खोचून तुरीत घुसली. उत्तरेश्वर दुसऱ्या बाजूनं शिरला. हाका मारल्या, डब्यात दाणे वाजवले. पण भेदरलेली पाखरं जिथं पडली तिथंच दबून राहिली होती. कुणाचंही हूं की चूं नाही.

तेवढ्यात घराकडून आवाज आला. "ये-की! ये-की!"

एकली पत्र्यावर चढून ओरडत होती. मादीची हाक अशीच असते, दुसरा सूर वर चढणारा. कळपाबाहेर राहिलेल्या एकलीला ती कुणी शिकवली नव्हती.

"आगं बया!" गजराबाई पळतच आली. शिडी लावून तिनं एकलीला उतरवलं, काखेत धरलं आणि पुन्हा तुरीत शिरली. तुरीच्या दर ओळीला एकली मान ताणून ओरडायची, "ये-की! ये-की!"

आणि लांबून उत्तर आलं! पाचोळा खसखसला, पहिला बाहेर आला भोळा. मग एकामागून एक ठिपकेवाले तुरीच्या झाडांमधून धावत सुटले. आत्याबाई ओढ्याकाठच्या बाभळीवरून उतरली. सगळ्यात शेवटी मुकादम, शेपटीची पिसं गमावून आलेला.

"आल्या! समद्या आल्या वो!" गजराबाई रडत होती की हसत होती, ते उत्तरेश्वरला कळेना. पुढं ती, काखेत एकली आणि मागं रांगेनं सगळा कळप, अशी वरात घरी आली.

दुसऱ्या दिवशी दाणे टाकल्यावर एकली भिंतीवरून खाली उतरली. मुकादम कुबड काढून धावला. पण मधे भोळा आडवा आला! दोघं छातीला छाती भिडवून उडाले, पिसं उधळली.

"सोडू नगंस! भोळ्या, सोडू नगंस!" गजराबाईच्या आरोळीनं उत्तरेश्वर काठी घेऊन धावला, त्याला वाटलं साप निघाला. तोवर मुकादम मागं सरकला होता. भोळा एकलीला खेटून उभा होता आणि आत्याबाईनं जरा बाजूला होऊन दोघांना दाण्यांपाशी जागा दिली होती.

"बघितलं का? नवरा उभा ऱ्हायला की बाईला जागा मिळती."

"ह्ये मला म्हनतीस का त्येला?" उत्तरेश्वर म्हणाला.

तूर निघाली, होळी झाली. एके सकाळी उत्तरेश्वर सरपणासाठी ढिगातल्या वाळक्या तुराट्या ओढायला गेला आणि भोळा त्याच्या अंगावर चालून आला. उत्तरेश्वर दोन पावलं मागं. गजराबाईनं वाकून ढिगाखाली बघितलं, तर मातीत उकरलेल्या खळग्यात मातकट अंड्यांची रास, आणि त्या राशीवर शेजारी शेजारी बसलेल्या दोघी, आत्याबाई आणि एकली.