रडणारी पोरं चालतील

"वा! काय शिस्त आहे!" साहेब म्हणाले, आणि मी चमकून मागं बघितलं.

साहेब म्हणजे आमच्या ब्लॉकचे बीडीओ. गावोगावची विकासाची कामं बघणारे अधिकारी. मी त्यांच्या हाताखाली ग्रामसेविका होते. मराठवाडा नुकताच मुंबई राज्यात आला होता. पण साहेबांची नोकरी निजामाच्या काळात सुरू झालेली, त्यामुळे तपासणीला ते अजून मुआयनाच म्हणायचे. बोरीच्या पुढच्या एका गावात, खालच्या अंगाला मजुरांची वस्ती होती. तिथल्या बालवाडीचा तो मुआयना. कुडाच्या खोलीत मोठी पोरं मांडी घालून बसलेली. मागं आढ्याला जुन्या लुगड्यांच्या झोळ्या टांगलेल्या, त्यात तान्ही पोरं. आणि त्यातलं एकही रडत नव्हतं.

एरवी त्या खोलीत माझं बोलणं मलाच ऐकू येत नसे.

झोळ्या कशा आल्या ते आधी सांगते. बालवाडी म्हणजे शाळेच्या आधीची शाळा. तीन ते सहा वर्षांची पोरं घ्यायची, सकाळी अकरा ते एक, गाणी, गोष्टी, रंग, आकडे, असा वरून आलेला हुकूम. कागदावर झकास. पण ज्यांच्यासाठी बालवाडी काढली, तीच पोरं येईनात. मी खुळ्यासारखी टाळ्या वाजवत घरोघर हिंडायची. सोजर नावाची एक पोरगी, असेल पाचेक वर्षांची, रोज दाराशी येऊन उभी राहायची. कडेवर भाऊ. भाऊ वर्षाचा, पण तिच्या कडेवर जवळजवळ तिच्याएवढाच दिसायचा.

"आत ये की गं," मी म्हणायची.

"ह्यो हाय ना," ती म्हणायची, आणि त्याला सावरत तिथूनच गाणं ऐकायची.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आया कापूस वेचायला दिवस उगवताच जात, त्या दिवस मावळताना परतत. त्यांच्यामागं घर सांभाळायचं ते या पाच वर्षांच्या बायांनी! ज्यांच्या घरी अशी पोरगी नाही, त्या तान्ह्याला शेतात नेत, धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, झोळीत टाकत. ते झोपून राहावं म्हणून अफूची गोळी देत. पोरगी असली तरी देत, तिला ते आवरत नसे म्हणून. तिळाएवढी गोळी, आईच्या दुधात उगाळून. त्याला कुणी वाईट म्हणत नव्हतं. आजीनं आईला दिलेली, आईनं लेकराला. रडणारं पोर घेऊन बसलं तर त्या दिवसाची मजुरी बुडते, मग करायचं काय?

मी वेळ बदलली. दिवस उगवायला दार उघडायचं, मावळताना लावायचं. वस्तीतून जुनी लुगडी मागून झोळ्या बांधल्या. कोंडाआजी म्हणून एक म्हातारी होती, तिला झोके द्यायला बसवलं. पोरगी हवी तर कडेवरचं पोर घ्यावंच लागतं, हा माझा हिशेब. बालवाडी भरली. आणि काय गलका म्हणता! एक रडलं की सगळी रडायची.

मग मुआयन्याच्या आधी आमच्या मुख्यसेविका ताई आल्या. मुख्यसेविका म्हणजे सगळ्या ग्रामसेविकांच्या वरच्या. बाई मनानं चांगली, पाट्या आणि दुधाची भुकटी तिनंच भांडून मिळवून दिलेली. पण दारातच थबकली.

"अहो, ही बालवाडी आहे का बाळंतिणीची खोली?"

"ताई, यांना बाहेर काढलं तर त्या पोरीही जातील."

"ते मला कळतं. साहेबांना कळायला हवं ना."

दिवस मावळता जाताना त्या विहिरीवर थांबल्या आणि शेतातून परतलेल्या आयांशी बोलल्या. काय बोलल्या, ते मला मुआयन्याच्या दिवशी कळलं.

त्या दिवशी साहेब खुशीत होते. पोरांनी गाणं म्हटलं, सोजरनं आकडे म्हटले. मी मात्र मागं सरकत झोळ्यांपाशी गेले. एकेक पोर हलवून बघितलं. गुंगीत डोळे उघडायची, परत मिटायची. सोजरच्या भावाला उचललं तर त्याची मान लुळी पडली. ओठ काळेनिळे. पापणी वर केली, तर डोळ्यातली बाहुली टाचणीच्या टोकाएवढी. ट्रेनिंगला एका नर्सनं आम्हाला हे बजावून सांगितलं होतं. बाहुली अशी दिसली की ओळखायचं, अफू.

"सोजर, आयनं बाळाला काय दिलं गं?"

"गोळी," ती म्हणाली. "रडला तर सायेब साळा बंद करतेत म्हनली."

मी ओरडलेच, "साहेब, तुमची जीप पाहिजे!"

साहेबांनी एक शब्द विचारला नाही, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. बाकीच्या पोरांना जागं ठेवायला कोंडाआजीला सांगितलं आणि आम्ही निघालो. साहेबांबरोबर आलेल्या ताईही बसल्या. वाटेत शेतातून सोजरच्या आईला, गयाबाईला घेतलं. ओटीतला कापूस तसाच घेऊन ती जीपमध्ये चढली. मी पोराच्या तळपायाला चिमटे काढत होते, ते नुसतं कण्हायचं.

"तुमच्याकडं ठेवायला लागल्यापून दिलीच न्हवती, बाई," गयाबाई सांगायला लागली. "आज जवारीएवढी दिली. सांजपतूर उटू नये म्हनून. मारलं का वो मी लेकराला?"

मी चिमटे काढत राहिले.

जिंतूरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी पोट धुतलं, इंजेक्शन दिलं. "याची सवय मोडली होती, त्यात मात्रा जास्त. सांगता येत नाही. झोपू देऊ नका," म्हणाले. गयाबाई आत त्याचे गाल थोपटत बसली. आम्ही बाहेर पायरीवर.

मग साहेब म्हणाले, "बंद करा ती बालवाडी. आपल्या दारात एखादं पोर मेलं तर जबाब कोण देणार?"

माझं तोंड आधीच फटकळ, त्या दिवशी तर त्याला कडीच राहिली नव्हती.

"म्हणजे आजार रेड्याला आणि औषध पखालीला! साहेब, बालवाडी बंद केली म्हणून गोळी बंद होणार आहे का? उद्यापासून हीच पोरं धुऱ्यावर गोळी खाऊन झोपतील. मरतील तेव्हा फक्त आपल्या दारात नसतील, एवढंच."

"बाई, जबान सांभाळून."

आतून गयाबाईनं ऐकलं असावं. ती दारात आली. डोळे सुजलेले, पण आवाज खणखणीत.

"सायेब, चूक माजी हाय. माज्या पायी साळा बंद करू नगा. सोजरला आकडं यायलेत. आमच्या घरात कुनालाच येत न्हाईत. मला वाटलं, ह्यो गप झोपला तर ती शिकंल." एवढं बोलून ती पोराकडं पळाली.

साहेब खाली बघत राहिले. "पण रडायचं नाही, असं त्यांना सांगितलं कुणी?"

ताईंनी पदर तोंडाला लावला. "मी सांगितलं, साहेब. रडणारं पोर चालणार नाही म्हटलं. तुम्हाला गोंधळ आवडत नाही म्हणून."

साहेबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. त्यांनाही घरी लहान मूल होतं, हे मला ड्रायव्हरनं नंतर सांगितलं.

दिवस कलला तेव्हा आतून रडणं आलं. आधी बारीक, मांजराच्या पिलासारखं, मग अख्खा दवाखाना गोळा होईल असं. देवा रे, तेवढा गोड आवाज मी जन्मात ऐकला नाही! गयाबाई हसत होती, रडत होती. साहेब उठून आत गेले आणि त्या भोकाड पसरलेल्या पोराकडं बघत उभे राहिले.

परत निघताना ते एवढंच म्हणाले, "तान्ही पोरं राहू द्या. वर काय कळवायचं ते मी बघतो." वस्तीत बाकीची पोरं कोंडाआजीनं जागी ठेवली होती, सगळी सुखरूप; तिला साहेबांनी मदतनीस म्हणून कायम केलं. आणि ताई दुसऱ्या दिवशी संध्याकाळी स्वतः वस्तीत आल्या. विहिरीवर, त्याच जागी उभ्या राहून त्यांनी आयांना सांगितलं, "रडणारी पोरं चालतील. झोपवलेली चालणार नाहीत." असं परत जाऊन आपलं बोलणं फिरवायला छाती लागते.

उन्हाळ्यानंतर सोजर पहिलीत बसली. त्या वस्तीतली पोरं पूर्वी चार दिवस शाळेत दिसायची आणि गायब व्हायची. बालवाडीतून गेलेली टिकली. सगळी नाही टिकली, काही आईबापांबरोबर पोट भरायला निघून गेली, त्यांचं मला अजून वाईट वाटतं. पण सोजर टिकली. तिचा भाऊही तिच्यामागून बालवाडीतून शाळेत गेला, आणि तिथंही त्याचा आवाज सगळ्यांत मोठा, असं गुरुजी म्हणायचे.

पुढं मीही मुख्यसेविका झाले, मुआयने करायला लागले. बालवाडीचा काही उपयोग होतो का हो, असं लोक विचारायचे. मी गाणी-आकडे ऐकायचे, पण नंतर. आधी जीप लांब उभी करायची आणि कान द्यायचा. आतून रडारड ऐकू आली, की मी निवांत चालत जायचे. शांत वाटलं, की पळत.