उस्तादांचे ब्रेक गेले नव्हते

उस्ताद देवराव मेश्राम यांची पहिली ओळख झाली ती त्यांच्या पायांशी. नागपुरातल्या सदर भागातल्या त्यांच्या गॅरेजात एक लांबलचक हिरवी अमेरिकन गाडी उभी होती आणि तिच्या खालून दोन पाय बाहेर आले होते. मी त्या पायांना नमस्कार केला, आयटीआय पास असल्याचं सांगितलं, कामाची गरज आहे हेही सांगितलं. पाय बराच वेळ काही बोलले नाहीत. मग उस्ताद सरकत बाहेर आले, हात पुसले, माझं सर्टिफिकेट दोन्ही बाजूंनी वाचलं आणि परत दिलं. म्हणाले, "कागद चांगला आहे. आता हात दाखव." मी तळहात पुढे केले. ते पाहून त्यांना फारसा आनंद झालेला दिसला नाही, पण उद्यापासून ये म्हणाले.

उस्तादांच्या सत्कारानिमित्त निघणाऱ्या या ग्रंथाच्या संपादक मंडळाने मला कळवलं आहे की लेखात 'देवरावजी' असं लिहावं. माफ करा, ते मला जमायचं नाही. अख्खं सदर त्यांना उस्ताद म्हणायचं आणि माझ्या तोंडात दुसरा शब्द बसत नाही. शिवाय मी लेखक नाही. आयुष्यभर जॉब कार्डं लिहिली, तीही तीन ओळींची. तेव्हा इकडचं तिकडे झालं तर सांभाळून घ्यावं.

जुन्या अमेरिकन गाड्यांच्या ब्रेकच्या नळ्या बदलणं हे उस्तादांचं खास काम. नागपुरात अशा गाड्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, पण रायपूर-जबलपूरहूनही लोक त्यांच्याकडे येत. ज्यांना हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आपण ब्रेकचं पेडल दाबतो तेव्हा बारीक नळ्यांतून तेल चारी चाकांकडे ढकललं जातं. आजच्या गाड्यांत या नळ्यांचे दोन वेगळे संसार असतात, एक बिघडला तरी दुसरा गाडी थांबवतो. त्या जुन्या गाड्यांत संसार एकच. कुठेही एक जोड फुटला की पेडल खाली टेकतं आणि चारी चाकं मोकळी. म्हणून उस्ताद म्हणत, "पाइप फुटला तं तेल सांडते, आन् तेल सांडलं तं माणूस मरते." हे ऐकून ऐकून माझे कान किटले होते. आज ते ऐकायला कान तरसतात.

त्यांची पद्धत अशी. जुनी गंजलेली नळी काढली की ती भिंतीवर खिळ्याला टांगायची, आणि तिच्याकडे पाहत नवी नळी हाताने वाकवायची. घाई नाही. तांब्याची नळी स्वस्त आणि वाकवायला मऊ, पण ब्रेकच्या दाबाला ती टिकत नाही म्हणून तिला ते हात लावत नसत. नळीचं तोंड पसरवून ते आतल्या आत दुमडायचं, म्हणजे दुहेरी करायचं. एकेरी तोंडही बसतं, दोन-चार दिवस चालतंही, पण जोराच्या दाबाला फाटतं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे तोंड करण्याआधी नट नळीवर चढवायचा. हे वाचून तुम्हाला हसू येईल, पण नळीचं सुंदर तोंड करून झाल्यावर नट टेबलावरून आपल्याकडे बघतोय, ही फजिती आमच्या धंद्यात झाली नाही असा माणूस मी पाहिलेला नाही. नट मग वरून जात नाही. तोंड कापायचं आणि पुन्हा पहिल्यापासून.

जोड कसून झाला की त्यावर रंगाचा ठिपका द्यायचा, ही त्यांच्या गॅरेजची रीत. उस्तादांचा पांढरा, माझा पिवळा. ब्रेकचं तेल रंग खातं, त्यामुळे जोड जरा जरी गळला तरी ठिपका ओघळतो आणि लगेच दिसतो. शिवाय काम कोणाचं तेही कळतं.

त्यांच्या स्वभावाबद्दल इतर मंडळी लिहितीलच. दसऱ्याच्या सुमारास दीक्षाभूमीवर येणाऱ्या गावोगावच्या गाड्या रस्त्यात बंद पडत, तेव्हा उस्ताद तीन दिवस गॅरेजला कुलूप लावून रस्त्याकडेला पथारी मांडत आणि एक पैसा न घेता त्या चालू करून देत. भंडाऱ्याकडच्या एका म्हाताऱ्या बाईंनी त्यांना बळेच शिदोरीतली भाकर-चटणी खाऊ घातली, ती त्यांनी उभ्या उभ्या खाल्ली आणि तेलकट हात मागे लपवत त्यांना जयभीम केला. खोटं बोललेलं त्यांना खपत नसे. काम बुधवारी होणार असेल तर ते गिऱ्हाइकाला मंगळवार कधी सांगत नसत, आणि त्यामुळे कितीतरी गिऱ्हाइकं चिडून गेलेली मी पाहिली आहेत.

पण मला सर्वांत जास्त आठवतं ते पेडल. नळ्या बसवल्यावर त्यांतली हवा काढावी लागते. एक जण सीटवर बसून पेडल मारतो, दुसरा चाकाशी आडवा होऊन तेल सोडतो. मी वर, उस्ताद खाली. "दाब... धरून ठेव... सोड." लांबच्या चाकापासून सुरुवात, जवळच्या चाकाशी शेवट. दुपारची वेळ, बाहेर ऊन, रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि गाडीच्या पोटातून येणारा तो शांत आवाज. पुढे मी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये गेलो. तिथे मशीन स्वतःच तेल भरतं, कोणी कोणाला हाक मारायची गरज नाही. एसी हॉल, पांढऱ्या फरश्या, गणवेश. बरा पगार. आणि मी मूर्खासारखा तिथे उभा राहून "सोड" कधी ऐकू येतं याची वाट पाहायचो.

मग गेलो कशाला, असं कोणीही विचारेल. तेच सांगायला मी हा लेख लिहायला घेतला आहे.

ती हिरवी गाडी धरमपेठेतल्या एका वकील साहेबांची होती. मी कामाला लागल्यावर काही वर्षांनी ती पुन्हा आली, तेव्हा त्यांच्या मुलीचं लग्न होतं आणि नवरीला त्याच गाडीतून न्यायचं त्यांच्या मनात होतं. सगळ्या नळ्या बदलायच्या होत्या. उस्तादांनी बाकीच्या केल्या, पुढच्या डाव्या चाकाची मला दिली. मी ती दीड दिवस खपून वाकवली, तोंड केलं, आणि नट टेबलावर. नळी अशी बसली होती की तोंड कापून पुन्हा दुहेरी करायला लांबी उरत नव्हती. म्हणजे अख्खी नळी नव्याने करायची, आणि संध्याकाळी वकील साहेब गाडी न्यायला येणार होते. एकेरीला लांबी कमी लागते, म्हणून मी तोंड कापलं, नट चढवला, एकेरी तोंड केलं आणि जोड ओढून कसला. वर पिवळा ठिपका दिला. उस्ताद तेव्हा रेडिएटरमध्ये गुंतले होते. मी त्यांना काही सांगितलं नाही. चाचणीत गाडी झकास थांबली.

लग्न पार पडलं. त्यानंतर आठ दिवसांनी सेमिनरी हिल्सच्या उतारावर वकील साहेबांच्या गाडीचे ब्रेक गेले. त्यांनी प्रसंगावधान राखून गाडी मातीच्या ढिगावर चढवली म्हणून वाचले. कपाळाला टाके पडले. निरोप आला तसे आम्ही दोघं तिथे पोचलो. उस्ताद रस्त्यावरच आडवे होऊन गाडीखाली गेले. बाहेर आले तेव्हा फुटलेला जोड त्यांच्या बंद मुठीत होता. वकील साहेब रुमालाने कपाळ दाबून धरत ओरडले, हा जोड कोणी केला?

उस्ताद म्हणाले, "मी केला, साहेब."

मी दोन हात अंतरावर, हत्यारांची पिशवी घेऊन उभा होतो. मी तोंड उघडलं नाही. आठ दिवसांपूर्वी त्याच सीटवर ती नवरी बसली होती, एवढंच डोक्यात घुमत होतं.

त्यानंतर सदरमध्ये व्हायचं तेच झालं. देवरावचे ब्रेक गेले म्हणे, ही बातमी चहाच्या टपऱ्यांपर्यंत पोचली. तीन जुनी गिऱ्हाइकं आपल्या गाड्या घेऊन गेली ती परत आली नाहीत. जुन्या गाड्यांच्या शौकीन मंडळींत आजही कोणी उस्तादांचं नाव काढलं की दुसरा हळूच त्या उताराची आठवण करून देतो. उस्ताद मला एका शब्दाने बोलले नाहीत. रोज सकाळी तसाच चहा पुढे करायचे. तो चहा मला गिळवेना. महिनाभराने मी कंपनीची नोकरी धरली आणि तेही त्यांच्या तोंडावर सांगायची हिंमत झाली नाही, शेजारच्या पंक्चरवाल्याकडे निरोप ठेवला. पळपुटेपणा म्हणतात तो हाच.

पुढची वीसेक वर्षं लग्नाकार्यात भेट व्हायची, मी पाया पडायचो, ते "बरं आहे का गा" म्हणायचे, संपलं. दरम्यान त्यांचे हात थरथरू लागले आणि त्यांनी गॅरेज बंद केलं. मी नोकरी सोडून स्वतःचं वर्कशॉप टाकलं. मागच्या हिवाळ्यात तिथे ती हिरवी गाडी येऊन उभी राहिली. वकील साहेब हयात नाहीत, त्यांचे चिरंजीव ती घेऊन आले होते. नळ्या पुन्हा गंजल्या होत्या. मी खाली गेलो. सगळ्या जोडांवर पांढरे ठिपके होते. पुढच्या डाव्या चाकावरही पांढराच. अपघातानंतर, मी गेल्यावर कधीतरी, ती नळी उस्तादांनी पहिल्यापासून नवी केली होती. मी गाडीखाली किती वेळ पडून होतो कोण जाणे. पोरांना वाटलं मला भोवळ आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी हुडकेश्वरला गेलो. उस्ताद तिथे कन्या सुजाताताईंकडे राहतात. अंगणात उन्हात बसून ते थरथरत्या बोटांनी तुरीच्या शेंगा सोलत होते. मी नमस्कारही धड केला नाही. म्हटलं, उस्ताद, वकील साहेबांच्या गाडीचा तो जोड माझा होता, तोंड एकेरी होतं.

त्यांनी मान वर केली नाही. "माहीत आहे गा. पिवळा ओघळ मले दिसला नसन का?"

मग स्वतःवर का घेतलंत, असं विचारलं. तर म्हणाले की गॅरेज त्यांचं, तपासायचं काम त्यांचं, आणि त्या दिवशी त्यांनी तपासलं नव्हतं. मग जोड कोणाचा झाला? त्यांनी आणखी एक शेंग सोलली. नंतर माझ्याकडे बघून म्हणाले, "जोड चुकला, तो काढून फेकला म्या. तू काहून गेला?"

एवढ्या वर्षांत मला वाटत होतं की त्यांना त्यांच्या नावाचं दुःख असेल. ते नव्हतंच. मी तिथेच अंगणात, पन्नाशी ओलांडलेला माणूस, हमसून हमसून रडलो. त्यांनी शेंगांची टोपली माझ्याकडे सरकवली आणि अर्ध्या तू सोल म्हणाले.

चार दिवसांनी सुजाताताई त्यांना वर्कशॉपमध्ये घेऊन आल्या. नव्या नळ्या बसल्या होत्या, हवा काढायची बाकी होती. मशीन बाजूला ढकललं. उस्तादांचे हात थरथरतात, पाय नाही. ते सीटवर बसले, मी खाली गेलो. "दाबा... धरून ठेवा... सोडा." हे शब्द मी त्यांना सांगतोय, हेच मला विचित्र वाटत होतं. वरून आवाज आला, "हळू गा, घाई कायची करून राहिला?" त्या घटकेला मला दुसरं काही नको होतं. पुढे त्याच उतारावर त्यांनी मला तीन वेळा गाडी थांबवायला लावली, तिसऱ्यांदा नुसती मान हलवली, आणि परतीच्या वाटेवर चक्क झोपले.

सुजाताताईंनी या ग्रंथासाठी लेख मागितला तेव्हा मी उस्तादांना सांगितलं की मी हे सगळं लिहिणार. त्यांनी साफ मनाई केली. म्हणाले, "वकील साहेब गेले. आता त्याईच्या मागून देवराव खोटं बोलला असं छापतं का?" त्यांच्या सांगण्याबाहेर मी आजवर दोनदाच वागलो. एकदा तो जोड ओढून कसला तेव्हा, आणि आज. पहिल्या वेळी गप्प राहिलो, ते पुन्हा व्हायला नको. तेव्हा या सत्काराला जमणाऱ्या सर्वांना, विशेषतः जुन्या गाड्यांच्या शौकिनांना, माझी हात जोडून विनंती आहे. त्या उतारावर गेले ते ब्रेक माझे, या प्रकाशचे होते. उस्तादांचे ब्रेक आजपर्यंत गेलेले नाहीत. जिथे जिथे ती गोष्ट सांगितली असेल तिथे जाऊन ती दुरुस्त करावी.

सुजाताताई हा लेख त्यांना वाचून दाखवतील. वकील साहेबांचं नाव येईपर्यंत ते ऐकतील, मग काय वाचून राहिली म्हणतील, आणि शेवटी मला हुडकेश्वरला बोलावून घेतील. मी जाईन, खाली बसेन आणि सगळं ऐकून घेईन. गेली कित्येक वर्षं मी त्यांच्या बोलण्यासाठी भुकेला आहे. उस्ताद, तुम्हाला आरोग्य लाभो, डोळे शाबूत राहोत, आवाज असाच खणखणीत राहो. निदान माझ्यावरचा तुमचा हा राग शांत होईपर्यंत तरी तुम्ही जगलंच पाहिजे. आणि तो लवकर शांत होऊ नये, एवढंच माझं मागणं आहे.