झऱ्यावर जाताना किल्ली घरी ठेवावी

डोंगरातल्या त्या झऱ्यावर सहल काढायची म्हटली की भिलाईतली ओळखीची माणसं अजूनही मला विचारायला येतात. मीही पटापट सांगते. सकाळी लवकर निघा. चपला नकोत, पायात पट्ट्याचं काहीतरी घाला. तिथल्या शेवाळावर भलेभले आडवे होतात. प्यायचं पाणी वर झऱ्याच्या तोंडाशीच भरून घ्या, कारण खाली धबधब्यात लोक साबण लावून अंघोळी करतात. डबा उघडा ठेवलात तर माकडं तुमच्याआधी जेवतील. आणि घराची किल्ली सोबत नेऊ नका. या शेवटच्या सूचनेवर सगळे हसतात. हसू देत.

तेव्हा कारखाना उभा राहत होता. पक्की क्वार्टरं अजून मिळायची होती आणि आम्ही कॅम्पातल्या पत्र्याच्या एका खोलीत राहत होतो. एक दार, गजांची एक खिडकी, कोपऱ्यात मोरी. लग्नाला वर्ष होत आलं होतं. माझे वडील रेल्वेत, त्यामुळे लहानपण पासावर गावोगाव हिंडण्यात गेलेलं. इथे मात्र चार पावलं टाकली की भिंत लागायची.

नवऱ्याची रात्रपाळी आली की माझी शिक्षा सुरू. हे सकाळी येऊन झोपत. मग भांडं वाजवायचं नाही, स्टोव्हला पंप मारायचा नाही, खोकला आला तर पदर तोंडात धरायचा. कोणी दार ठोठावू नये म्हणून आमच्या खोल्यांच्या ओळीतल्या बायका बाहेरून कुलूप लावत आणि शेजारच्या ओट्यावर बसून राहत. कुलूप दिसलं की घरात कोणी नाही असं समजून दूधवालाही परत जायचा. मीही तशीच कुलूप लावून दुपारपर्यंत तांदूळ निवडत बसायची, खडे संपले तरी. फार राग यायचा. यांचा नाही, रात्रभर भट्टीपाशी राबून आलेल्या माणसाची झोप खरीच होती. राग काढायला कोणी सापडत नाही, याचाच जास्त राग यायचा.

दसऱ्याच्या आधीच्या एका रविवारी ओळीतल्या लोकांनी मिळून झऱ्यावर जायला ट्रक ठरवला. त्या दिवशी यांना सुटी होती, पण आदल्या रात्रीची पाळी करून हे सकाळी परतले.

"तुम्ही येता का?" मी विचारलं.

"माह्ये डोळे उघडून नाही राहिले बाप्पा. तू जा न."

तू जा! भिलाईत आल्यापासून असं मला कोणी म्हटलं नव्हतं. हरखून गेले मी. पोळ्या, झुणका, चार मिरच्या फडक्यात बांधल्या. हात सवयीनं आपलं काम करत होते. दार ओढलं, कुलूप घातलं, किल्ली कमरेला खोचली आणि ट्रकमध्ये चढले.

झऱ्यापाशी पोचलो. पाणी भरायला वाकले तर किल्ली पोटात रुतली, आणि माझ्या हातातला तांब्याच सुटला.

"काय झालं वं?" शेजारीण म्हणाली. यांना आत कोंडून आल्याचं मी सांगितलं, तर ती पोट धरून हसायला लागली. "आता राहू दे. ट्रक काही चारच्या आधी हलत नाही."

खाली बायका धबधब्यात शिरल्या, लहान पोरींसारख्या ओरडत होत्या. तुषार माझ्या तोंडावर येत होते आणि मी चार वाजायची वाट बघत कातळावर बसले होते. वर्षभरात पहिल्यांदा बाहेर पडले, तेही पत्र्याची खोली कमरेला बांधून. दसऱ्याआधीच्या उन्हात तो पत्रा कसा तापतो हे मला चांगलं ठाऊक होतं. किल्ली माझ्याकडे, आणि हाक ऐकणारी सगळी ओळ इथे पाण्यात. आधी स्वतःवर चिडले, मग यांच्यावर: एवढा गडी माणूस, जाणाऱ्या-येणाऱ्याला ओरडून सांगता येत नाही? मी पाण्यात पायसुद्धा घातला नाही.

संध्याकाळी कुलूप काढलं. हे बनियनवर खिडकीखाली बसले होते. मडकं रिकामं होतं.

"काऊन लावलं कुलूप?"

"सवयीनं लागलं. मुद्दाम नाही लावलं जी. पण कोणाले आवाज काऊन नाही दिला?"

"दोघं-तिघं गेले खिडकीपासून. त्याईले काय सांगू? बायकोनं कोंडलं म्हणू?"

मी शेजारून पाणी आणलं. तांब्याभर पाणी पिऊन त्यांनी खोलीभर नजर फिरवली, जणू ती त्यांना नवीनच दिसत होती.

"दिवस सरतच नाही वं इथं. तू काय करते दिवसभर?"

"तुमची झोप राखून राहिली," मी म्हटलं. "वर्ष झालं."

त्यांनी तांब्या आवाज न करता खाली ठेवला. मला त्यांची दया आली आणि, खोटं कशाला बोलू, बरंही वाटलं.