गौरीच्या तोंडचं गाणं

सुभद्रेला गाणी सुचायची ती भाकरी थापता थापता. लिहायला ती शिकलीच नव्हती. ओळ सुचली की शेजारच्या कौसल्येला ऐकवायची, मग ती दोघींच्या तोंडात बसून जायची. लालबागच्या त्यांच्या चाळीत गौरी आल्या की बायका खोलीचं दार लोटून झिम्मा घालत, आणि सुभद्रा गौरीच्या तोंडून शंकराची उणीदुणी काढी:

अंगाला राख, गळ्याला साप,
कुणाच्या घरी दिलंस रे बाप!

म्हाताऱ्या हसून हसून बेजार व्हायच्या. मग तीच सुभद्रा गौरीपुढे डोकं टेकवून दोन घटका बसायची. माहेरी आलेल्या लेकीनं नवऱ्याला नावं नाही ठेवायची तर कुठे ठेवायची? त्यात कुणाला कधी पाप दिसलं नाही.

संयुक्त महाराष्ट्रासाठी मुंबईत पोरं पोलिसांच्या गोळ्या खाऊन पडली, त्याच साली भाद्रपदात गणपती मंडळाचे चिटणीस नाना तिच्या दारात आले.

"वहिनी, यंदा तुमचं गाणं मंडपात होऊ दे. कर्ण्यावरून. आपल्या पोरांचंही त्यात घाला."

"बायकांतलं गाणं ते, नाना. पुरुषांत शोभायचं नाय."

"मी आहे ना पाठीशी!"

तिचा नवरा लवू गिरणीतून आला, तोही म्हणाला, "म्हण गो. अख्खा लालबाग ऐकेल." त्याला एवढा खुललेला तिनं लग्नानंतर पहिल्यांदाच पाहिला. ती तयार झाली.

गौरीपूजनाच्या संध्याकाळी ती पदर खोचून मंडपात उभी राहिली. मागे धरायला कौसल्या. जुन्या ओळी झाल्या, माणसं हसली. मग नव्या आल्या:

पोरं पडली रस्त्यात गं,
भोळा माझा समाधीत गं!

मंडप टाळ्यांनी दणाणला. नाना सर्वांत पुढे उभे राहून टाळ्या वाजवत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळीच नानांना चौकीत बोलावणं आलं. कुणीतरी अर्ज केला होता: गौरीच्या तोंडी असलं गाणं घालून देवीची विटंबना केली, हिंदूंच्या भावना दुखावल्या. बाईनं जाहीर माफी मागावी, नाहीतर कलम लागेल आणि कर्ण्याचा परवाना जाईल. राखेचं आणि सापाचं कुणाला काही वाटलेलं नव्हतं. सरकारवाल्यांना झोंबलं होतं ते रस्त्यात पडलेल्या पोरांचं. पण ते बोलायची सोय नव्हती, म्हणून देवाला पुढे केलं. एवढं सुभद्रेला कळत होतं.

तिला कळलं नाही ते नानांचं. ते चौकीत सांगून आले होते, "बाईनं मनानंच म्हटलं. मंडळाला कल्पना नव्हती."

ती कौसल्येकडे गेली. कौसल्या तांदळातून मान वर काढीना. "मी आपली मागं धरत होते बाय. पुढं तू काय म्हणशील, माका काय म्हायत?"

चार दिवस दोघींनी मिळून घोळवलं होतं ते गाणं.

संध्याकाळी आरतीनंतर तिला मंडपात उभं केलं. नानांनी हळूच सांगितलं, "मी देवीची निंदा केली, एवढंच म्हणा वहिनी. एक वाक्य."

सुभद्रेनं गणपतीपुढे नाक घासलं. देवापुढे नाक घासायला तिला कसली लाज? पण उठल्यावर म्हणाली, "निंदा मी केली नाय. खोटं देवापुढे कसं बोलू? आणि जिची निंदा केली म्हणता, त्या गौरीला तर आपण दुपारीच पोचवून आलो. माफी मागायची ती कुणाची?"

"वाद घालू नका. लोक खोळंबलेत."

तिनं लवूकडे पाहिलं. तो गर्दीतून पुढे आला. ती बाजूला सरून उभी राहिली, वाटलं, आता हा बोलेल. तो बोललाही. माइक हातात घेऊन म्हणाला, "माझ्या बायकोचं डोकं ठिकाणावर नाय. तिच्या हातून देवीची निंदा झाली. तिच्या वतीनं मी माफी मागतो."

टाळ्या पडल्या. घरी जाताना बायका म्हणाल्या, "नशीब तुझं! नवऱ्यानं सांभाळून घेतलं."

पुढे त्याच खोलीत सुभद्रेची हयात गेली. गौर ती दरवर्षी बसवी, मनापासून पुजी. पण झिम्म्याला बोलावणं आलं की लवूच्या देखत म्हणे, "माझं डोकं ठिकाणावर नाय गो बायांनो. ह्यांनाच विचारा."

लवू पायात चपला सरकवून खाली उतरे.